बाळाला फ्लॉवर देताना

आमच्या वेंगुर्ल्याच्या बाजारात फ्लॉवर येतो तो घाटावरून. बेळगावकडचा टेम्पो आंबोली उतरून येईपर्यंत गड्ड्याची पानं मलूल झालेली असतात. लेकीला सातवा महिना सरला तेव्हा मी असाच एक गड्डा घरी आणला, तर सासूबाई ओट्याशी येऊन म्हणाल्या, "गो, त्येका पेज घाल, भोपळो घाल. ह्या फ्लॉवराचा काय काढलंस? पोटात वायो धरतलो."

वायूचं त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. फ्लॉवरमधली एक साखर लहान आतड्यात पचत नाही. ती मोठ्या आतड्यात गेली की तिथले जिवाणू तिचा गॅस करतात. म्हणूनच मी फ्लॉवरने सुरुवात केली नाही. सहा महिने पुरे झाले, मान धरली, टेकून बसायला लागली, चमचा जिभेने बाहेर ढकलणं थांबलं, तेव्हा उष्टावण झालं. पहिला महिनाभर उकड्या तांदळाची पेज, नाचणीचं सत्त्व, घोटलेली मूगडाळ (वरचं नुसतं पाणी नव्हे, डाळच) आणि लाल भोपळा. हे पचतंय असं दिसल्यावर मग फ्लॉवर. सहाव्या महिन्यानंतर कधीही दिला तरी चालतो, पण मला घाई नव्हती. आणि अंगावरचं दूध चालूच.

गड्डा घट्ट, सायीच्या रंगाचा घ्यायचा. काळे ठिपके असलेला किंवा तुरे सुटलेला गड्डा आपल्या भाजीला ठीक, बाळाला नको.

खरी मेहनत धुण्यात आहे. गड्डा अख्खा बुडवून काही उपयोग नाही. आधी लहान तुरे सुटे करा, मग कोमट पाण्यात मीठ-हळद टाकून दहा-पंधरा मिनिटं ठेवा. पहिल्याच खेपेला मी पातेल्यावर वाकून बघत होते. काहीच नाही, काहीच नाही, आणि मग एका देठाचाच तुकडा हलला! देठाच्याच रंगाची, तांदळाच्या दाण्याहून थोडी लांब अळी, अंग सैल करत वर आली. तिच्यामागून आणखी दोन. आता मी प्रत्येक तुरा उजेडात धरून उलटा करून बघते, आणि मिठाचा अंश राहू नये म्हणून साध्या पाण्याने दोनदा धुते.

शिजवताना मी चूक केली ती कुकरची. पाण्यात बुडवून तीन शिट्ट्या. झाकण काढलं तर घरभर गंधकाचा वास, आणि फ्लॉवरचा झालेला पाणचट गाळ. लेकीने नाक मुरडलं, त्यात तिचा काय दोष? फ्लॉवर मोहरीच्या कुळातला. जास्त शिजला की हा वास सुटतोच. शिवाय त्यातलं क जीवनसत्त्व उकळत्या पाण्यात उतरतं आणि आपण ते पाणी ओतून देतो. तेव्हापासून मोदकपात्र. चाळणीवर तुरे पसरून दहा-बारा मिनिटं वाफ. सुरी टोचली की आरपार गेली पाहिजे. मग पुरणयंत्रातून काढायचं. मिक्सरही चालतो, पण दोन चमच्यांसाठी मिक्सरचं भांडं कोण धुणार?

घट्ट वाटलं तर पेजेचं पाणी किंवा अंगावरचंच दूध घालून सैल करा. चमचा कलता केला तरी पटकन ओघळू नये इतपतच. मीठ, साखर नको. मध तर वर्षाचं होईपर्यंत अजिबातच नाही. साजूक तूप मात्र घालते, कारण फ्लॉवरमध्ये शंभरात नव्वदच्या वर पाणीच. त्याने पोट भरत नाही. नाचणीबरोबर दिला तर उत्तम. नाचणीतलं लोह अंगी लागायला ते क जीवनसत्त्व मदत करतं.

पहिल्या दिवशी सकाळी दोन लहान चमचे, बस. काही त्रास झालाच तर दिवसाउजेडी कळावा. पुढचे तीन दिवस दुसरं काही नवीन नाही. लेकीने पहिले चारपाच दिवस थुंकला. जबरदस्ती केली नाही. एक दिवस सोडून पुन्हा दोन चमचे पुढे. मुलांना एखादी चव पटायला आठ-दहा खेपाही लागतात. आवडायला लागल्यावर मी हुरळून अर्धी वाटी भरवली आणि संध्याकाळी पाय पोटाशी घेऊन ती जी रडली! सासूबाईंनी बेंबीभोवती हिंग लावला, मी तिचे पाय सायकलसारखे फिरवले. श्रेय त्यांनी घेतलं, मी घेऊ दिलं.

आठवा-नववा महिना लागला की हातात द्या. बोटाएवढा लांब देठ, वर तुरा, दोन बोटांत दाबला की चिरडेल इतका मऊ. बाळ ताठ बसलेलं, आपण समोर. खोकला, ठसका, लाल तोंड म्हणजे ते घास स्वतः परतवतंय. बोट घालू नका. पण आवाजच फुटत नसेल, ओठ निळे पडत असतील तर घास अडकलाय. हातावर पालथं घ्या, डोकं खाली, खांद्याच्या दोन हाडांमध्ये तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाच जोरदार थापा, आणि कुणाला तरी गाडी काढायला सांगा.

उष्ट्या वाटीतलं उरलेलं टाकून द्यायचं. आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून फ्रिजच्या भरवशावर मी साठवत नाही. रोज चार तुरे वाफवते. बाकीचा गड्डा बटाटा-वाटाण्याबरोबर आमच्या रश्श्यात जातो. तो सासूबाईही खातात, वायूचं नाव न काढता.