डब्यांचा रस्ता आणि टू-ऑप्ट

वहिनींच्या घरगुती मेसचे डबे नागपुरात धरमपेठेतून निघतात. शेवटच्या गिऱ्हाइकाकडे पोचेपर्यंत वरण गार, म्हणून रस्ता ठरवायचं काम माझ्याकडे आलं.

२० घरं म्हटली तरी जायचे क्रम साधारण २४ वर १७ शून्यं इतके. सगळे तपासणं विसरा. आधी सोपा नियम लावला: जिथे आहोत तिथून सर्वांत जवळचं घर गाठायचं. सुरुवात झकास, पण हा नियम हावरट. आडबाजूची घरं शेवटाला उरतात आणि परतीची रपेट लांबते.

मग टू-ऑप्ट लावलं. १९५८ पासूनची युक्ती आहे. रस्त्यातले दोन तुकडे तोडायचे, मधला भाग उलटा करून जोडायचा; एकूण अंतर घटलं तर ठेवायचं, नाहीतर पूर्ववत. सदरहून महाल, तिथून परत सदर अशी फुली झाली होती, ती अशीच सुटली.

खरी गोम अंतरात होती. नकाशावरची सरळ रेघ मनीषनगरला फसवते: मध्ये रेल्वेलाइन. म्हणून रस्त्याची प्रत्यक्ष मिनिटं भरली. एकेरी रस्त्यांमुळे जाण्याची आणि येण्याची वेगळी. त्यामुळे मधला भाग उलटला की त्याचीही बेरीज नव्याने करावी लागते.

टू-ऑप्ट कधीकधी बऱ्यापैकी उत्तरावरच अडून बसतं. तेव्हा सुरुवातीचा क्रम पिसून पुन्हा चालवतो, सर्वांत कमी वेळेचा ठेवतो. तोच सर्वोत्तम, याची हमी नाही. डब्यांना ती लागतही नाही.

डबेवाल्या पोराने मात्र कागद पाहून विचारलं, "भाऊ, दुपारी बर्डीच्या गर्दीतून गाडी निघते कुठं?" तिथली मिनिटं वाढवली.