मसुदा पुन्हा पुन्हा परत येतो, पैसे मात्र येत नाहीत: माझा अनुभव

फ्रीलान्स लेखनात काम भरपूर, पण 'थोडा बदल हवा' म्हणत मसुदा चार-पाचदा परत यायचा आणि पैसे लांबायचे. आठवणीचे मेल पाठवले, दरही कमी केला, उपयोग शून्य. फार मनस्ताप झाला.

शेवटी जमलं ते असं. होकार देण्याआधी एकच मेल: शब्दसंख्या, मुदत, २ वेळा बदल मोफत, तिसऱ्यापासून वेगळे पैसे, ५० टक्के आगाऊ. 'मान्य' असं लेखी उत्तर आलं की लगेच आगाऊ रकमेचं बिल. ती खात्यात दिसल्यावरच पहिलं वाक्य लिहायचं, संपादक कितीही ओळखीचा असला तरी (आधी मी इथेच कच खात होतो). मग मसुद्याच्याच मेलला उरलेल्या रकमेचं बिल जोडायचं. त्यावर 'लवकरात लवकर' नाही, नेमकी तारीख.