पेंडीत तेल का राहतं? आधी ओलावा बघा

सॉल्व्हंट प्लांटमध्ये, म्हणजे द्रावकाने तेल काढणाऱ्या कारखान्यात, नव्याने रुजू झालेल्यांना आधी एक्स्ट्रॅक्टर (हेक्झेन या द्रावकाने माल धुऊन तेल काढणारं यंत्र) खुणावतो. माझं ऐकाल तर सुरुवातीचे महिने प्रेपमध्ये, म्हणजे दाणा त्यासाठी तयार करणाऱ्या विभागात, काढा. डीओसीत (तेल काढून उरलेल्या पेंडीत) तेल जास्त राहिलं की चौकशी एक्स्ट्रॅक्टरपासून सुरू होते, पण कारण बरेचदा फ्लेकरपाशी (रोलखाली दाबून दाण्याचे पातळ पापुद्रे, म्हणजे फ्लेक, काढणाऱ्या यंत्रापाशी) आणि त्याच्याही मागे, दाण्यातल्या ओलाव्यात सापडतं.

सोयाबीनचंच घ्या. परतीचा पाऊस लांबला की लातूर, वाशीमकडचा नवा माल १५ टक्क्यांच्या पुढे ओलावा घेऊन येतो. तो तसाच गोदामात भरला तर गरम होतो, बुरशी धरतो आणि तेलाचं एफएफए (मुक्त मेदाम्लांचं प्रमाण) वाढतं. टरफल काढून हाय-प्रो (जास्त प्रथिनांची) पेंड करायची असेल तर दाणा साधारण १० टक्क्यांवर वाळवून सायलोत एक-दोन दिवस मुरू द्यावा लागतो. घाई असली की ही मुरवण पहिली कापली जाते, आणि मला तेच सगळ्यात महाग पडताना दिसलं आहे. ड्रायरमधून निघालेला दाणा बाहेरून कोरडा, आतून ओला असतो. न मुरवता तो क्रॅकरमध्ये (दाणा फोडणाऱ्या यंत्रात) घातला तर फुटण्याऐवजी चेपतो, टरफल डाळीला, म्हणजे फुटलेल्या दाण्याला, चिकटून राहतं.

सरासरीवरही विसंबू नका. ९ आणि १५ टक्क्यांचे ट्रक एकत्र ओतले तर मीटर १२ दाखवेल, पण रोलखाली दोन्ही दाणे आपापल्या परीनेच वागतील.

डाळ कंडिशनरमध्ये ६५-७० अंशांपर्यंत तापवून साधारण ०.३ मिलिमीटरचा फ्लेक काढतात. त्या वेळी ओलावा १० टक्क्यांच्या आसपास हवा. फार कोरड्या डाळीचा फ्लेक चुरतो. त्या भुकटीने एक्स्ट्रॅक्टरमधला थर तुंबतो, हेक्झेन वाट मिळेल तिथून निघून जातं आणि बाकीचा माल नीट धुतलाच जात नाही. फार ओली असेल तर फ्लेक मऊ पडून एकमेकांना चिकटतात. पाणी आणि हेक्झेन एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे द्रावक आत शिरायला अडतं. निचराही मंदावतो, पेंडीबरोबर जास्त हेक्झेन डीटीत (पेंडीतलं हेक्झेन वाफेने उडवणाऱ्या यंत्रात) जातं आणि ते उडवायला वाफ जास्त लागते.

फ्लेक बोटांत धरून हलकेच वाकवून बघायची सवय लावा. चांगला फ्लेक लगेच तुटत नाही. ओलाव्याचा आकडा मात्र नमुना ओव्हनमध्ये वाळवून काढलेलाच धरा. गरम फ्लेकचा नमुना उघडा ठेवला तर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत त्यातली वाफ निघून जाते. म्हणून रोलखालून घेतल्याबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात भरा आणि त्यातच थंड होऊ द्या.