गाडीचे सुटे भाग रंगवताय? स्प्रे गन उचलण्याआधीच्या या चुका टाळा

गोव्यात पायलटची, म्हणजे भाड्याने माणसं नेणाऱ्या चालकाची, मोटारसायकल लांबूनच ओळखू येते, ती पुढच्या पिवळ्या मडगार्डमुळे. काही वर्षांपूर्वी चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आठ दिवस असताना म्हापशाच्या स्टँडवरच्या एका पायलटाने आपलं मडगार्ड माझ्याकडे आणून दिलं. "बाब, चवथीआधी गाडी स्टँडवर लागली पाहिजे," एवढंच म्हणाला. घासणं, प्रायमर, पुसणं सगळं नीट झालं होतं. मग शेडच्या वाशाला एक तार बांधली, मडगार्डच्या मधल्या भोकातून ओवली आणि गन सुरू केली. रंगाचा दुसरा हात मारताना हवेच्या झोताने मडगार्ड गर्रकन फिरलं आणि त्याची ओली कड बाजूच्या खांबाला घासली. पुन्हा वाळवा, पुन्हा घासा, पुन्हा पुसा. त्या माणसाची दोन दिवसांची कमाई माझ्या एका तारेपायी बुडाली, हे मला अजून लागतं.

डिचोलीतल्या माझ्या शेडमध्ये लोक रंग बिघडलेले भाग घेऊन येतात. त्यातले बरेचसे गन चालवण्यात चुकलेले नसतात. ते आधीच कुठेतरी चुकलेले असतात: धुताना, घासताना, नाहीतर टांगताना.

आधी घासलं, मग धुतलं

भाग हातात आला की पहिला हात वॉटर पेपरकडे, म्हणजे घासायच्या कागदाकडे जातो. तिथेच थांबा. पत्र्यावर चेनचं वंगण असतं, वॅक्स असतं, टायर चमकवायच्या स्प्रेमधलं सिलिकॉन असतं. त्यावर पेपर फिरवला की हे सगळं ओरखड्यांत चोळलं जातं आणि मग काही केल्या निघत नाही. आधी साबणाच्या पाण्याने धुवा आणि साध्या पाण्याने दोनदा खळखळून काढा. वळलेल्या कडा आणि आतली बाजू विसरू नका.

कळंगुट, मोरजी, वास्को या किनाऱ्याकडच्या गाड्यांवर मिठाचा थर बसतो. तो डोळ्यांना दिसत नाही. रंगाखाली मीठ राहिलं तर ते ओलावा ओढून घेतं आणि काही महिन्यांनी रंगाला बारीक फोड येतात. आमच्या डिचोली-सत्तरीकडे, सांग्याकडे वेगळा त्रास आहे, तांबड्या धुळीचा. ती कोरड्या फडक्याने पुसू नका. कण बारीक असले तरी ओरखडे पाडतात. पाण्यानेच जाऊ द्या.

धुऊन वाळल्यावर डीग्रीझर, म्हणजे तेलकटपणा काढणारा द्रव. इथे दोन फडकी लागतात. एकाने भाग ओला करायचा आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलून घ्यायचं. तसंच वाळू दिलं तर सुटलेलं तेल पुन्हा तिथेच बसतं. रॉकेलने पुसू नका, ते स्वतःच तेलकट थर मागे ठेवतं. घासून झाल्यावर हेच पुन्हा एकदा करा, आणि त्यानंतर उघड्या हाताने भागाला हात लावू नका. डोक्याला चोपडलेलं नारळाचं तेल, कपाळाचा घाम, सगळं बोटांवाटे पत्र्यावर उतरतं. नायट्रिलचे हातमोजे स्वस्त आहेत.

पावसाळ्यात उघडा ठेवलेला पत्रा

गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. चवथीची कामंही नेमकी त्याच दिवसांत येतात. त्यामुळे "पाऊस गेल्यावर रंगवू" असं सांगून इथे धंदा होत नाही. मग काळजी तरी दुप्पट घेतली पाहिजे.

घासून पांढरा केलेला पत्रा सकाळी ठेवला तर जेवून येईपर्यंत तांबूस दिसायला लागतो. त्यावरच प्रायमर मारला तर गंज आत बंद होतो आणि पुढच्या पावसात वर येतो. त्या दिवशी जेवढं एपॉक्सी प्रायमरखाली जाणार असेल, तेवढंच उघडं करा. रात्रभर उघडा पत्रा ठेवायचा नाही.

खड्डे बुजवायच्या पुट्टीबद्दल काही गोष्टी. पॉलिएस्टर पुट्टी पाणी शोषते, म्हणून तिच्यावर पाणी घालून घासू नका; कोरडीच घासा, आधी ८० किंवा १२० नंबरच्या पेपरने, मग १८०, मग ३२०. दुसरं म्हणजे पुट्टी कडक करणारा हार्डनर. डब्यावर साधारण १०० ग्रॅमला २ ते ३ ग्रॅम असं लिहिलेलं असतं. लवकर सुकावी म्हणून जास्त घातला तर त्यातला पेरॉक्साइड वर येतो आणि पांढऱ्या-पिवळ्या रंगावर डाग उमटतो. आम्लाचा वॉश प्रायमर मारून त्याच्यावर लगेच पुट्टी लावणंही टाळा, ती नीट कडक होत नाही.

दव हा आणखी एक शत्रू. हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते तापमान, साधारण २५ अंशांवर असतो. पत्रा त्याहून किमान ३ अंश गरम हवा, म्हणजे २८ अंशांच्या वर. रात्रभर थंड झालेला पत्रा सकाळी आठला तेवढा गरम नसतो. त्यावर डोळ्यांना न दिसणारा घाम असतो. भिंतीवरचा साधा आर्द्रतामापक घ्या आणि ८५च्या वर आकडा असेल तर गन उचलू नका. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग अशा हवेत पांढरट पडतो. थोडा रिटार्डर थिनर घातला की रंग सावकाश सुकतो आणि हा पांढरेपणा बऱ्यापैकी टळतो, पण ओल्या पत्र्याला त्याचा काही उपयोग नाही.

कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी सकाळी आणि दुपारी काढा. पाणी गाळणारा सेपरेटर कॉम्प्रेसरला चिकटवून बसवला तर गरम हवेतली वाफ तशीच पुढे जाते. मधे काही मीटर पाइप सोडा. हवा गार होते, वाफेचं पाणी होतं आणि मगच सेपरेटरला ते पकडता येतं.

प्लास्टिकला पत्रा समजणं

भाग उलटा करून मागचा शिक्का वाचा. पीपी (पॉलिप्रॉपिलीन) असेल किंवा रबर मिसळलेलं पीपी-ईपीडीएम असेल, तर उघड्या प्लास्टिकवर आधी अॅडहिजन प्रमोटर, म्हणजे रंग धरून ठेवणारा थर लागतो. तो नसला की रंग पहिल्या दिवशी छान दिसतो आणि एखाद्या दगडाच्या फटक्याने कागदासारखा पापुद्रा निघतो. एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकला प्रमोटर सहसा लागत नाही, पण जहाल थिनरने त्याला तडे जातात. शिक्का नसेल तर आतल्या बाजूने छोटा तुकडा कापून पाण्यात टाका. साधं पीपी तरंगतं, एबीएस बुडतं. कोरड्या फडक्याने प्लास्टिक जोराने पुसलं की वीज भरते आणि शेडभरची धूळ त्याच्याकडे धावते, म्हणून शेवटचं पुसणं ओलसर आणि हलक्या हाताने.

टांगणी: इथे सर्वांत जास्त घोळ होतो

एका तारेवर टांगलेली कोणतीही गोष्ट फिरते. दोन ठिकाणी धरा, आणि जमलं तर खालून तिसरी सैल तार बांधून ठेवा. तार भागाच्या मूळ बोल्टच्या भोकातूनच घ्या, जिथे जोडणीनंतर काही दिसणार नाही. कडेला हूक अडकवला तर तिथे रंग लागत नाही, आणि हूक काढताना रंगाची कपची निघते. तार जाड हवी. बारीक बाइंडिंग वायर प्रत्येक झोताला डोलते, आणि डोलणाऱ्या भागावर गनचं अंतर कधी १० सेंटिमीटर, कधी ३० होतं. एक हात ओघळतो, दुसरा खरखरीत बसतो.

दुसरी चूक फक्त मेटॅलिक रंगात कळते, तीही जोडणी झाल्यावर. भाग गाडीवर ज्या दिशेत बसतो त्याच दिशेत टांगा किंवा स्टँडवर बसवा. चंदेरी रंगातले बारीक पापुद्रे भागाच्या स्थितीप्रमाणे आणि गनच्या कोनाप्रमाणे बसतात. टाकी उभी, साइड पॅनल आडवं, मडगार्ड उलटं असं रंगवलं तर तिन्ही एकाच डब्यातल्या रंगाचे असूनही उन्हात तीन वेगळे रंग दिसतात. ग्राहक म्हणतो रंग चुकीचा मिसळला. रंग बरोबर होता, टांगणी चुकली. शक्य असेल तर एकमेकांशेजारी बसणारे भाग एकाच बैठकीत रंगवा.

बंपरला दोन टोकांना टांगून उन्हात ठेवलं तर तो मधे वाकतो आणि मग गाडीला लावताना फटी सुटतात. त्याला गाडीवर जिथे आधार असतो तिथेच स्टँडचा आधार द्या. लोखंडी पाइपचा स्टँड जुन्या कपड्याने नाही, मास्किंग टेपने गुंडाळा, कपड्याचे धागे उडतात. भाग छातीच्या उंचीला ठेवा, म्हणजे खालची कड वाकून शोधावी लागणार नाही. दोन भागांमध्ये एवढी जागा हवी की मधे उभं राहून गन पूर्ण फिरवता आली पाहिजे.

पेट्रोलच्या टाकीबाबत मी कडक आहे. पेट्रोल काढलं म्हणजे टाकी रिकामी झाली असं नाही, आतली वाफ जास्त धोक्याची असते. साबणाच्या पाण्याने आतून धुवा, तोंड उघडं ठेवून मोकळ्या हवेत वाळवा, आणि जवळ ग्राइंडर, वेल्डिंग, विडी काही नको. त्यानंतर पेट्रोल कॉकचं भोक आणि तोंड दोन्ही घट्ट बुजवा. नुसता कागद चिकटवला तर गनच्या हवेने तो आत जातो आणि रंग टाकीत पडतो. तोंडात रबरी बूच घट्ट बसवून त्यालाच मूठ लावली, की टाकी हातात न धरता फिरवता येते.

झाकायचं राहिलेलं

वर्तमानपत्राची शाई थिनरने सुटते, धागेही सोडते. मास्किंग पेपर वापरा. आटे असलेल्या भोकांत जुने बोल्ट फिरवून ठेवा. विजेची अर्थची तार जिथे पत्र्याला जोडते ती जागा झाका, नाहीतर हेडलाइट मंद का लागतो ते शोधत बसाल. आणि चाकाचा नट जिथे दाबून बसतो तिथे जाड रंग अजिबात नको. दाबाखाली रंग चेपतो आणि कसलेला नट सैल होतो. हा दिसण्याचा नाही, जिवाचा प्रश्न आहे.

बिघडल्यावर कारण कुठे शोधायचं

रंग मारताच गोल डोळे पडले, तर ते तेल किंवा सिलिकॉन. अजून रंग ओतून ते बुजत नाहीत. थांबा, वाळू द्या, घासा, डीग्रीझर पुन्हा करा, आणि शेजारी कुणी टायर पॉलिश किंवा चेन स्प्रे मारतंय का पाहा.

दोन-चार दिवसांनी पुट्टीची कड उमटून दिसायला लागली, तर पुट्टी किंवा सरफेसर (रंगाखालचा, घासून सपाट करायचा थर) पुरता वाळायच्या आत रंग चढला. पावसाळ्यात डब्यावरच्या वेळेवर विसंबू नका; नख दाबून खूण राहिली तर अजून थांबा. घासण्याच्या रेघा दिसतात तेव्हा सरफेसर ३२०वरच सोडलेला असतो. साध्या रंगाखाली ६०० आणि मेटॅलिकखाली ८०० नंबरपर्यंत जा.

पिवळा रंग मळकट, हिरवट दिसतो तेव्हा खाली राखाडी प्रायमर असतो. पिवळ्याची झाकण्याची ताकद कमी. त्याला खाली पांढरं लागतं, नाहीतर चार हात मारूनही उजळत नाही.

टूके क्लिअरच्या, म्हणजे रंगावर मारायच्या दोन भागांच्या पारदर्शक थराच्या, हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांनी दम्याचा त्रास लागू शकतो आणि एकदा लागला की थोड्याशा वासानेही उसळतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा मास्क इथे कामाचा नाही. किमान कार्बनचे काडतूस असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क घ्या. बाहेरची हवा नळीने देणारा मिळाला तर त्याहून चांगला. शेडमध्ये मुलं-पोरं उभी राहू देऊ नका.

त्या पायलटाचं मडगार्ड मी दुसऱ्यांदा केलं तेव्हा खाली पांढरा सरफेसर मारला, दोन बोल्टच्या भोकांतून जाड तारा घेतल्या आणि खालून तिसरी सैल तार बांधली. रंग वाळल्यावर एक पूर्ण रात्र तसंच टांगून ठेवलं, सकाळी बोल्टखाली रबरी वॉशर घालून हातानेच कसलं. चवथीच्या आदल्या दिवशी दुपारी गाडी स्टँडवर लागली.