पेन्सिलीचा अंबाडा सारखा सुटतोय? मग या चुका टाळा

गणपतीत आयत्या वेळी माझा क्लचर तुटला, बाहेर आरतीला टाळ वाजायला लागले होते, म्हणून समोर दिसली ती मुलाची पेन्सिल अंबाड्यात खोचली आणि पळाले. आरशात तर एकदम झक्कास दिसत होता. आरती संपली, नमस्काराला वाकले आणि पेन्सिल सटकून थेट प्रसादाच्या ताटात, सगळे केस तोंडावर, आणि सासूबाई म्हणाल्या "अगं निरांजन बघ आधी!" तेव्हापासून मी घरातल्या मिळेल त्या वस्तूने अंबाडे घालून बघितलेत, आणि बहुतेक वेळा चूक वस्तूची नसते, पकड चुकीच्या जागी असते, एवढं माझ्या लक्षात आलंय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पेन्सिल नुसती आरपार घुसवणं. केस पिळले, गुंडाळले आणि एका बाजूने पेन्सिल घालून दुसरीकडून काढली, झालं. अशी पेन्सिल फक्त अंबाड्यात असते, डोक्याला कुठे अडकलेलीच नसते, मग दहा मिनिटांत सगळं गाठोडं खाली. करायचं असं. केस हातात धरून एकाच दिशेने पिळत जा, इतके की ते आपोआप गोल वळायला लागतील, मग त्याच दिशेने गुंडाळा आणि टोक खाली दाबून धरा. आता पेन्सिलीचं टोक अंबाड्याच्या मध्याकडे नाही तर बाहेरच्या बाजूला तोंड करून कडेतून घाला, कडेचे थोडे केस त्यावर येऊ देत, टोक डोक्याला टेकवा आणि तिथले लगतचे केसही उचला. मग पेन्सिल उलटी फिरवा, टोक आता अंबाड्याकडे वळतं, आणि डोक्याला घासत अंबाड्याच्या खालून पलीकडे ढकला. फिरवताना मुळाशी जरासा ताण जाणवला पाहिजे, नाही जाणवला तर परत काढा. पहिल्या चारपाच वेळा हात दुखतील, मग न बघता जमतं.

पेन्सिल कुठली हेही बघा. लाकडी घ्या, षटकोनी असेल तर उत्तमच, कडा असल्यामुळे गोल फिरत नाही. गुळगुळीत प्लास्टिकचा पेन किंवा अॅल्युमिनियमची विणकामाची सुई सटकतेच, शिवाय पेनाचं टोपण निघालं तर मानेवर शाई (विचारू नका). चायनीज पार्सलसोबत येणारी लाकडी काडी पण चालते, पण ती खरखरीत असते, केस अडकून तुटतात, आधी नखं घासायच्या फाईलने घासून घ्या. आणि टू-व्हीलरवर हेल्मेटखाली काडी, सुई, पेन्सिल काहीच नको, तिथे मानेलगत वेणी बरी.

आता केसांचं. नुकतेच न्हालेले, शाम्पू-कंडिशनर केलेले केस इतके सुळसुळीत असतात की काहीच टिकत नाही, त्यापेक्षा दुसऱ्या दिवशीचे केस चांगले. घाई असेल तर बोटांवर चिमूटभर टाल्कम पावडर घेऊन मुळांशी चोळा, जास्त झाली तर मात्र पिकलेले दिसतात. चप्प तेल लावून पेन्सिल खोचणं ही उलटी चूक. आणि ओल्या केसांचा अंबाडा तर नकोच, ओला केस ताणला की लांबतो आणि लवकर तुटतो, वर पावसाळ्यात आतले केस संध्याकाळपर्यंत वाळत नाहीत, सोडल्यावर जो कुबट वास येतो तो लोकलमध्ये शेजारच्या बाईलाही येतो.

लेअर कट असेल तर पिळताना इकडून तिकडून टोकं बाहेर येणारच. आधी सैलसर वेणी घाला आणि मग वेणीचाच अंबाडा वळा. माझ्या बहिणीचे केस जेमतेम खांद्याखाली आहेत, तिचा पेन्सिलीने कधीच बसत नाही, वेणीचा बसतो.

दूध-भाजीच्या पिशवीचं रबर केसांना लावायचं नाही म्हणजे नाही. ते केसांना चिकटून बसतं आणि काढताना चारदोन केस घेऊनच निघतं. लावलंच असेल तर ओढू नका, कात्रीने रबर कापा. त्याऐवजी जुन्या लेगिंगच्या पायाकडचा दोन बोटं रुंद गोल पट्टा कापा, फुकटचं मऊ रबरबँड. शिवणकाम लागत नाही.

मोज्याचा अंबाडा माझा आवडता, कारण वॉशिंग मशीनमध्ये जोडी हरवलेला एक मोजा प्रत्येक घरात असतोच. बोटांकडचं टोक कापायचं आणि नळी बाहेरून गुंडाळत जाऊन रिंग करायची. इथे लोक तीन ठिकाणी फसतात. काळ्या केसांत शाळेचा पांढरा मोजा, मग फटीतून पांढरं डोकावतं. दुसरं, केस विरळ आणि मोजा जाडजूड स्पोर्ट्सचा, केस पुरतच नाहीत, पातळ मोजा घ्या. आणि तिसरं, पोनीच सैल बांधलेली. रिंग कितीही छान बसवा, तिचं सगळं वजन त्या पोनीवर असतं, पोनी हलली की रिंग मानेवर लोंबकळते. पोनी पक्की बांधा, रिंगमधून ओवा, केस चहूबाजूंनी पसरून वरून दुसरं रबर लावा आणि उरलेली टोकं गुंडाळून पिनांनी खाली दाबा.

पिनांचंही तेच. काळ्या पिनेची नागमोडी बाजू डोक्याकडे ठेवायची, बहुतेक जणी सरळ बाजू आत ठेवतात. सुटणाऱ्या जागी दहा पिना खुपसण्यापेक्षा दोन पिना फुलीसारख्या एकमेकींवर घाला. यू-पिन म्हणजे आपला आकडा, तो आधी अंबाड्याची कड उचलून बाहेरच्या दिशेने आणि मग उलटा वळवून आत, अगदी पेन्सिलीसारखाच.

पक्का म्हणजे करकचून नाही हं. भुवया वर ताणल्या गेल्या किंवा तासाभरात डोकं ठणकलं तर सैल करा. रोज असं ताणून बांधलं की कपाळाकडचे केस विरळ होतात, याला ट्रॅक्शन अॅलोपेशिया म्हणतात, सुरुवातीला सवय बदलली तर केस परत येतात पण वर्षानुवर्षं चाललं तर येतीलच असं नाही. अंबाड्याची जागा अधूनमधून बदला.

गजरा लावायचा असेल तर अंबाडा मानेजवळच घाला. मोगऱ्याचा ताजा दुपदरी गजरा चांगला जड असतो, उंच अंबाड्यावर घातला की सगळं मागे ओढलं जातं. आणि गजरा अंबाड्यालाच नुसता गुंडाळू नका, दोन्ही टोकांच्या दोऱ्यात आकडा अडकवून तो डोक्यालगतच्या केसांत खोचा. घराबाहेर पडायच्या आधी एकदा देवासमोर वाकून बघा, काय पडायचं ते घरातच पडू दे. रात्री काढताना आधी आकडे, मग गजरा. हळदीकुंकवाहून दमून आल्यावर मी एकदा दोरा समजून बटच कापली होती, बोटभर लांबीची ती बट अजून प्रत्येक अंबाड्यातून कानामागे बाहेर येते.