कांद्याच्या डोंगळ्यात मधमाश्यांच्या पेट्या लावायच्या असतील तर

नाशिकमध्ये मधमाश्या पाळतो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला : "द्राक्षाला लावतोस का?" नाही. द्राक्षाच्या फुलाला फळ धरायला माशी लागत नाही. उलट ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत इतक्या फवारण्या होतात की पेट्या जेवढ्या लांब तेवढं बरं. माझं पोट चालतं ते कांद्याच्या बियाण्यावर, म्हणजे आपल्या उळ्यावर.

डोंगळा म्हणजे बियाण्यासाठी लावलेल्या कांद्याला येणारा फुलांचा दांडा. त्याच्या गोंड्यातल्या फुलाचे पराग आधी सुटतात, त्याच फुलाचा स्त्रीकेसर नंतर तयार होतो. म्हणजे या फुलाचे पराग त्या फुलावर कुणीतरी न्यायलाच हवेत. माशी फिरकली नाही तर गोंडा दिसतो भरगच्च, पण चोळल्यावर हातात फोलपटं. म्हणून बियाणेवाले पेट्यांचं भाडं देतात. मध मिळाला तर वरकड.

गंमत अशी की माशीला कांदा फारसा आवडत नाही. त्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त. गोंडे फुलायच्या आधीच पेट्या नेल्या तर माश्या शेजारची मोहरी, कोथिंबीर धरतात आणि मग तिथंच जात राहतात. थोडे गोंडे उमलू द्या, मग रात्री पेट्या हलवा.

पहिल्या वर्षी मी हे सगळं पाळलं आणि तरी फसलो. फेब्रुवारीत शेजारच्या वावरात सकाळी दहाला फवारणी झाली. दुपारी पेट्यांच्या दारापुढे मेलेल्या माश्यांचा सडा. त्या शेतकऱ्याला काय बोलणार? त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. माशी दोन-तीन किलोमीटर जाते, मी मात्र एकाच बांधापर्यंत चौकशी केली होती. आता पेट्या उतरवण्याआधी आसपासच्या वस्त्यांवर चहा पीत फिरतो. फवारायचंच असेल तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी, एवढंच मागणं.

शिकायला पुण्याची केंद्रीय मधमाशी संस्था आहे, १९६२ पासूनची. जरूर जा, पण राणी ओळखायला डोळा बसतो तो पेट्या उघडूनच. सुरुवात चार-पाच पेट्यांनी करा. भाड्याला इटालियन माशी बरी. सुरगाणा-पेठेकडे जंगलाजवळ राहत असाल तर सातेरी, म्हणजे आपली देशी माशी.

आणि पावसाळ्याचा हिशेब आत्ताच मांडा. मका-बाजरी तुऱ्यावर येईपर्यंत साखरेचा पाक पाजावा लागतो. मी तो खर्च धरलाच नव्हता. पहिल्या हंगामाचं निम्मं भाडं किराणा दुकानात गेलं.