एआयकडून गटाचं प्रोजेक्ट बनवून घेताय? या चुका टाळा

"आठवीसाठी पाण्यावर गट प्रोजेक्ट दे" एवढं टाइप केलं की एआय अर्ध्या मिनिटात दोन पानं काढून देतं, गटप्रमुख, लेखनिक, वेळ बघणारा, सादरीकरण करणारा अशी कामंसुद्धा वाटून देतं, आणि आपल्याला वाटतं झालं. मीही पहिल्यांदा तेच वर्गात नेलं. आठवड्याने एक गट तक्ता घेऊन पुढे आला, सगळं अक्षर एकाच मुलीचं, आईच्या मोबाईलवर रात्री बसून तिनेच सगळं शोधलेलं, आणि बाकीच्या चौघांनी तक्त्याचे चार कोपरे धरलेले. आळशी नव्हती हो ती पोरं, त्यांना करायला काही उरलंच नव्हतं.

सगळ्यात मोठी चूक हीच. जे काम एकटं पोर घरी बसून करू शकतं ते पाच जणांना दिलं तर एकच जण करणार. भूमिकांची नावं दिल्याने काही फरक पडत नाही, वेळ बघणारा घड्याळाकडे बघत बसतो. म्हणून एआयला स्पष्ट सांगायचं, "असा प्रश्न दे की पाचही जणांकडची माहिती जोडल्याशिवाय उत्तर निघणारच नाही, प्रत्येकाला एकच चिठ्ठी मिळेल." ही कल्पना जुनीच आहे, १९७१ मध्ये अमेरिकेत ऑस्टिनच्या शाळांमध्ये मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी जिगसॉ पद्धत सुरू केली ती याच धर्तीवर. पण नुसतं "जिगसॉ" लिहून भागत नाही, मग एआय एकाच धड्याचे पाच परिच्छेद करून देतं आणि पोरं ते आळीपाळीने वाचून दाखवतात.

माझ्या वर्गात शेवटी चाललेला प्रश्न असा होता: एका चांगल्या पावसात या घराला किती दिवसांचं पाणी मिळेल? पहिली चिठ्ठी, पत्र्याचं छप्पर ३० बाय २० फूट. दुसरी, पाऊस २५ मिलिमीटर. तिसरी, पाचातला एक भाग पाणी वाया जातं. चौथी, घरात ५ माणसं. पाचवी, माणशी रोज ५५ लिटर (जलजीवन मिशनचा आकडा). चिठ्ठी दुसऱ्याला दाखवायची नाही, तोंडाने सांगायची, एवढाच नियम. वर्गात नुसता गलका, पण तो कामाचा गलका होता, एरवी तोंड न उघडणारा मुलगा "अरे थांबा, माणसं किती ते माझ्याकडंय" म्हणून ओरडत होता.

आता दुसरी चूक, उत्तर न तपासता नेणं. एआयने उत्तर दिलं होतं १५,००० लिटर, आणि मी ते तसंच फळ्यावर लिहिलं. एक मुलगी उठली, "सर, आमच्याकडं टँकर येतो तो दहा हजाराचा असतो, एका पावसात दीड टँकर?" बरोबर होतं तिचं. एआयने ६०० चौरस फुटांना ६०० चौरस मीटर धरलं होतं. खरं क्षेत्रफळ साधारण ५६ चौरस मीटर, एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, म्हणजे सुमारे १४०० लिटर. वाया जाणारं वजा केलं की ११०० च्या आसपास राहतं, घराला रोज २७५ लागतात, म्हणजे चार दिवस. तेव्हापासून प्रत्येक आकडेमोड मी आधी वहीत स्वतः करतो, एकक तर आधी बघतो.

वर्गाची खरी परिस्थिती न सांगणं ही पण नेहमीची चूक. पट ४७, तासिका ३५ मिनिटांची, बाक जड आहेत, हलत नाहीत, वर्गात मोबाईल नाही, सामान म्हणजे वही, दोरी, रिकाम्या बाटल्या, हे लिहिलं नाही तर ते प्रत्येक गटाला लॅपटॉप आणि ग्लू गन देऊन मोकळं होतं. ४७ चे गटही सांगून टाका, पाचचे सात आणि चारचे तीन.

आणि प्लीज, गट पाडायला म्हणून मुलांची नावं-मार्क असलेली यादी एआयमध्ये टाकू नका. लहान मुलांची माहिती आहे ती, २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती घ्यायची तरतूद आहे. कोण कोणाशी बोलत नाही, कोणाला कोणाजवळ बसवायचं हे तुम्हाला जास्त कळतं, गट तुम्हीच पाडा.

मार्क देताना तक्त्याच्या सजावटीला देऊ नका. मी गटातला एक रोल नंबर चिठ्ठी काढून उठवतो आणि दुसऱ्याच्या चिठ्ठीवरचं विचारतो, "पाणी वाया का जातं सांग", म्हणजे आपापलंच पाठ करून चालत नाही.

राहिला गैरहजेरीचा घोळ. एक पोर आलं नाही की पाचातली एक चिठ्ठी कमी आणि अख्खा गट अडतो. एआयकडून आधीच चार चिठ्ठ्यांचाही संच करून घ्या, माणसं आणि रोजचा वापर एकाच चिठ्ठीवर येईल असा, चार जणांच्या गटांनाही तोच चालतो, आणि दोन्ही संचांच्या झेरॉक्स आदल्या दिवशीच काढून ठेवा, सकाळी लाईट असेलच असं नाही.